पिकायला लागले की तडकतात : गच्चीवरच्या सनगोल्ड टोमॅटोचं दुखणं

झाड निरोगी आहे, पानं हिरवीगार आहेत, एकेका घडाला पंधरा-वीस फळं लगडली आहेत. वरची दोन-तीन नारिंगी व्हायला लागली आणि सकाळी बघावं तर देठापासून खालपर्यंत उभी चीर. दुसऱ्या दिवशी त्या चिरेवर चिलटं, तिसऱ्या दिवशी बुरशी. सनगोल्डचा घड देठाच्या बाजूने टोकाकडे एकेक फळ करत पिकतो, त्यामुळे हा तमाशा महिनाभर रोज सकाळी बघावा लागतो. मग कॅल्शियम घातलं जातं, अंड्याची टरफलं पुरली जातात, एप्सम सॉल्ट फवारलं जातं. फळं तडकतच राहतात.

दहातल्या आठ-नऊ कुंड्यांमध्ये यामागे खताची कमतरता नसते. कुंडी कोरडी पडते आणि मग एकदम भिजते, एवढंच घडतं. त्यातून सनगोल्ड ही जातच तडकणारी. जपानच्या तोकिता बियाणे कंपनीचं नारिंगी चेरी टोमॅटोचं हे संकरित वाण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. फळ साधारण १५ ते २० ग्रॅमचं. साल इतकी पातळ की दाताखाली जाणवतही नाही, आणि पूर्ण पिकल्यावर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आठ-नऊच्या पुढे, म्हणजे मंडईतल्या भाजीच्या टोमॅटोच्या जवळजवळ दुप्पट. हे दोन गुण आवडतात म्हणूनच लोक सनगोल्ड लावतात, आणि तडकण्याचं मूळही याच दोन गुणांत आहे.

मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात. आतली साखर पाणी ओढून घेते. पिकणाऱ्या टोमॅटोतही तेच होतं. माती कोरडी असते तेव्हा फळाची वाढ थबकते आणि साल ताठर होते. मग भरपूर पाणी मिळालं की गर काही तासांत फुगतो आणि सालीला तेवढं ताणता येत नाही. रंग चढायला लागल्यावर सालीचा लवचीकपणा आणखी कमी होतो, म्हणून हिरवी फळं सहसा वाचतात आणि नेमकी खायला आलेली जातात. नाशिक-तासगावचे द्राक्षवाले काढणीच्या तोंडावर आलेल्या अवकाळीला घाबरतात आणि सांगोल्याकडचे डाळिंबवाले फळं वाढत असताना पाण्यात खंड पडू देत नाहीत, त्यामागेही हेच कारण आहे.

आधी चीर नीट बघा

सगळ्या चिरा एकसारख्या नसतात. उपाय करण्याआधी तडकलेली चार फळं तोडून हातात घ्या.

देठापासून खाली जाणारी उभी, खोल, आतला गर दिसणारी ताजी चीर असेल तर गेल्या बारा-चोवीस तासांत पाण्याचा लोंढा आलेला आहे. सनगोल्डमध्ये सर्वांत जास्त दिसते ती हीच.

देठाभोवती बांगडीसारख्या गोल, उथळ, कडा सुकून तपकिरी झालेल्या चिरा असतील तर त्या सावकाश पडलेल्या असतात, बऱ्याचदा फळ हिरवं असतानाच. थेट उन्हात तापणारी फळं आणि दिवस-रात्रीच्या तापमानातली मोठी तफावत ही त्याची नेहमीची कारणं. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत हा प्रकार जास्त दिसतो.

सालीवर केसासारख्या बारीक रेघांची जाळी असेल आणि हात फिरवल्यावर खडबडीत लागत असेल, तर हवा दमट आहे आणि फळ झाडावर जास्त दिवस राहिलेलं आहे. मुंबई, कोकण, गोव्यात हे नेहमीचं. अशी फळं दिसायला वाईट, खायला उत्तम.

देठापासून तळापर्यंत शिवणीसारखी एकच बारीक तपकिरी रेघ असेल तर ते तडकणं नव्हे. फुलाचा पुंकेसर लहान फळाला चिकटून राहिला की असा व्रण उठतो. थंडीतल्या पहिल्या घडांवर दिसतो, नंतर आपोआप थांबतो. आणि गोल भोक व आत ओली विष्ठा दिसली तर ती फळ पोखरणारी अळी आहे. ते फळ तोडून नष्ट करा आणि बाकीचे घड उलटून तपासा.

मग वेळ आठवा

उभ्या चिरा असतील तर आदल्या दिवशी काय झालं ते आठवायचं. पाऊस पडला का, हे पहिलं. नोव्हेंबर ते मार्च कधीही येणारी अवकाळी सर एका रात्रीत सगळी रंगलेली फळं उडवते. पाणी मुळांतून तर जातंच, शिवाय देठाच्या खोबणीत साचून तिथूनही थोडं आत शिरतं. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी मागच्या अंगणात हेच झाड लावणाऱ्या मराठी मंडळींना जुलै-ऑगस्टच्या वादळी पावसानंतर हाच अनुभव येतो.

दुसरं, घरी कोणी नव्हतं का? दिवाळीत किंवा नाताळच्या सुट्टीत तीन दिवस कुंडी कोरडी आणि चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी प्रेमाने ओतलेली अख्खी बादली. शेजाऱ्यांचा दोष नाही, पण फळं जातात.

तिसरं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ऑफिसातून आल्यावर रात्री आठ-नऊला पाणी देण्याची सवय. दिवसभर उन्हात कुंडी वाळते. रात्री पानांतून बाष्प जवळजवळ जात नाही, पण ओल्या मातीतून मुळं पाणी वर ढकलत राहतात. ते जायचं कुठे? फळात. म्हणूनच बहुतेक चिरा सकाळी दिसतात. रोज न चुकता, मोजून पाणी देणाऱ्यांची फळं तडकत असतील तर पहिला संशय या वेळेवर घ्यावा.

कुंडीची परीक्षा

सनगोल्ड दोन-अडीच मीटरपर्यंत, कधी त्याहूनही वर जाणारी वेल आहे. १० बाय १० इंचाच्या कुंडीत जेमतेम १३ लिटर मिश्रण मावतं. एवढ्यात हे झाड वाढतं, फळंही देतं, पण दुपारपर्यंत कुंडी कोरडी होते आणि तुम्ही कितीही धावलात तरी चढउतार थांबत नाही. १२ बाय १२ इंचात २२ लिटर मावतं, ती किमान मर्यादा समजा. १५ बाय १५ च्या ग्रो बॅगेत ४० लिटरच्या वर जातं आणि तडकण्याचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. रंगाची २० लिटरची बादली चालते, फक्त तळाला १० मिलिमीटरची सहा-सात भोकं हवीत. जिओ फॅब्रिकच्या पिशव्या मुळांना चांगल्या, पण बाजूंनीही सुकतात, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्या एक माप लहानच धरा.

अंदाजावर जाऊ नका, वजन करा. प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा मिळतो, ५० किलोपर्यंतचा पुरतो. पाणी दिल्यावर तासाभराने, निथळून झाल्यावर, कुंडी तोला. आधाराची काठी कुंडीतच रोवलेली असेल तरच हे जमतं. झाड जाळीला बांधलेलं असेल तर मातीत बोट घालून बघण्यावरच भागवावं लागेल. पुन्हा पाणी देण्याच्या अगदी आधी तोला. दोन वजनांतला फरक म्हणजे तेवढे लिटर पाणी गेलं. २२ लिटरच्या कुंडीत हा फरक दीड किलोच्या आत असेल तर उत्तम, तीन किलोच्या वर गेला तर चिरा ठरलेल्या. बोटाची परीक्षा करायची तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. वरचा एक इंच कोरडा असायला हरकत नाही, त्याखाली गारवा लागलाच पाहिजे.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेल्या मिश्रणात एक फसवणूक होते. कोकोपीट पूर्ण वाळलं की पाणी शोषत नाही, मिश्रण आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. अर्धा लिटर ओतताच तळातून पाणी आलं तर "भरपूर झालं" असं वाटतं, आणि आत मुळांचा गड्डा भुकटीसारखा कोरडा असतो. यावर कुंडी टबात आठ-दहा सेंटिमीटर पाण्यात अर्धा तास ठेवणं हा उपाय आहे. पण त्याआधी झाडावरचं रंग चढलेलं प्रत्येक फळ तोडून घ्या. नाहीतर तुमच्याच हाताने तो लोंढा सोडला जाईल. सुट्टीवरून आल्यावर झाड मान टाकून उभं दिसलं तरी क्रम हाच, आधी तोडणी, मग पाणी. तेही दर अर्ध्या तासाने पाव-पाव लिटर, चार-पाच वेळा.

नवीन कुंडी भरताना लाल माती चार भाग, धुतलेलं कोकोपीट तीन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन भाग आणि भाताचं तूस किंवा जाडी वाळू एक भाग. काळी माती नको. ती वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. मिश्रणात कोकोपीट अर्ध्याहून जास्त झालं तर वरची फसवणूक हमखास.

पाणी : किती, केव्हा, कसं

थंडीत पाच फुटी, फळं धरलेल्या झाडाला दिवसाला दोन ते तीन लिटर लागतं, मार्चमध्ये चार ते पाच. आकड्यापेक्षा वाटणी महत्त्वाची. सकाळी सातच्या सुमारास निम्मं, अकराला पाव, दुपारी अडीच-तीनला उरलेलं पाव. चारनंतर पाणी नको. दिवसभर घरी कोणी नसेल तर सकाळी निघण्यापूर्वी दोन हप्त्यांत, मध्ये अर्धा तास सोडून द्या आणि रात्रीचं बंद करा. झाड संध्याकाळी थोडं मलूल दिसलं तरी सकाळी सावरलेलं असेल, तर काळजी नको.

ठिबक लावणं सर्वांत सोपं. प्रत्येक कुंडीला ताशी दोन लिटरचे दोन ड्रिपर, एकमेकांसमोर. पंधरा मिनिटांत एक लिटर होतं, दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं म्हणजे तीन लिटर. इथे दोन गोष्टी चुकतात. गच्चीवरची टाकी फार तर मीटर-दोन मीटर उंच असते, तेवढ्या दाबाला ड्रिपर छापील प्रवाह देत नाही. बाटली लावून पंधरा मिनिटांत खरंच किती पडतं ते मोजा आणि वेळ वाढवा. दाब स्थिर ठेवणारे ड्रिपर एवढ्या कमी दाबाला नीट चालत नाहीत, साधे घ्या. टायमर घेतानाही बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे आतला गोळा फिरून उघडबंद होणारा घ्या. सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकावर चालणारे) बरेचसे दाबाशिवाय उघडत किंवा नीट बंद होत नाहीत, आणि अर्धवट बंद राहिलेला टायमर रात्रभर ठिबकत बसला की काय होतं ते वर आलंच आहे.

ठिबक नको असेल तर मटका सिंचन करा. दोन लिटरचं, बिनरंगाचं, कच्चं वाटावं असं सच्छिद्र मडकं ग्रो बॅगेच्या एका कडेला गळ्यापर्यंत पुरायचं आणि वर डासांसाठी झाकणी ठेवायची. मडकं पुरायचं ते रोप लावतानाच. नंतर खड्डा काढलात तर मुळं तुटतात. माती कोरडी पडेल तसं मडकं पाझरतं, ओली असेल तर थांबतं. चार दिवस गावाला जाताना याचा उपयोग होतो, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर भरात आलेलं झाड सोडू नका.

आच्छादन विसरू नका. उसाचं पाचट, वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या, पाच सेंटिमीटर जाडीचा थर, खोडापासून दोन बोटं अंतर सोडून. कुंडी तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला पश्चिमेकडून गोणपाट गुंडाळा.

आता गोडीचा मुद्दा. "गोडी वाढवायची तर पाणी तोडा" हा सल्ला खरा आहे आणि घातकही. पाणी कमी केलं की साखर दाट होते, यात शंका नाही. पण तोडलेलं पाणी पुन्हा पूर्ववत केलं की चिरा पडतात. कमीच द्यायचं तर रोज सारखंच कमी द्या, म्हणजे तीन लिटरऐवजी अडीच, आणि हंगाम संपेपर्यंत तेच ठेवा. दोन दिवस उपास आणि तिसऱ्या दिवशी पंगत, हे सनगोल्डला चालत नाही.

तोडणी हाच खरा विमा

वर सांगितलेलं सगळं नीट केलं तरी काही फळं तडकतील. जात तशी आहे. कॅटलॉगमध्ये न तडकणारी नारिंगी चेरी हवी असेल तर सनशुगर शोधा. चव बरीच जवळची, साल थोडी जाड. सुपर स्वीट १०० लावून सुटका होईल असं समजू नका, तोही तडकतो.

सनगोल्डमध्ये फिकट पिवळा, मग नारिंगी, मग जर्दाळूसारखा गडद नारिंगी असा क्रम असतो. या शेवटच्या टप्प्यातलं फळ सर्वांत गोड आणि सर्वांत जास्त धोक्यात. आभाळ कोरडं आणि पाणी नियमित असेल तर गडद होईपर्यंत थांबा. पावसाचा अंदाज असेल, गावाला जायचं असेल किंवा झाड नुकतंच कोरडं पडलं असेल, तर पिवळा रंग धरलेलं प्रत्येक फळ तोडा. ही फळं घरात सावलीत, एका थरात, ताटात पसरून ठेवली की दोन-चार दिवसांत पिकतात. झाडावर पिकलेल्याहून गोडी किंचित कमी, पण चिलटांनी खाण्यापेक्षा बरी. फ्रिजमध्ये ठेवू नका, स्वाद मरतो.

तोडणी दुपारनंतर करा. सकाळी फळ पाण्याने तट्ट भरलेलं असतं, तोडून वाडग्यात टाकताना सुद्धा फुटतं. देठाच्या वरच्या गाठीवर अंगठा दाबून मोडलं की फळ हिरव्या टोपीसकट निघतं. टोपी उपटली तर साल तिथून फाटते. पाण्यात बुडवून ठेवू नका, खायच्या वेळी धुवा.

सावली, पानं, खत

अवकाळीसाठी वर २०० मायक्रॉनचा यूव्ही पॉलिथिनचा कागद उतरता ताणा आणि चारी बाजू उघड्या ठेवा. शेडनेट पाऊस अडवत नाही. थंडीत ५० टक्क्यांची नेट घालून फुलं कमी करून घेण्यात अर्थ नाही, फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की ३५ टक्क्यांची पुरे.

खालची पानं काढण्याची हौस आवरा. पिकत असलेल्या घडाच्या खालची पानं काढावीत, वरची नाहीत. घडावर दुपारचं ऊन अडवणारं एक पान हवंच. बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यात येणारे फुटवे) काढून झाड एक-दोन फांद्यांवर ठेवा. मात्र आठवडाभर विसरलात आणि मग एका दिवसात दहा फूटभर फुटवे छाटले, तर त्या फुटव्यांकडे जाणारं पाणी फळांकडे वळतं. रोज एक-दोन काढा.

खताबद्दल थोडक्यात. नत्र जास्त झालं तर पालेदार झाड आणि फुगीर, बेचव, चटकन तडकणारी फळं. फळधारणा झाल्यावर एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) बंद करून आठवड्यातून एकदा ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट), लिटरला एक ग्रॅम, झाडाला एक लिटर. कॅल्शियम द्यायचंच तर कॅल्शियम नायट्रेट, लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा, मुळाशी. दोन्ही एकाच बादलीत कालवलीत तर पाणी दुधाळ होऊन तळाला पांढरा गाळ बसतो. ते जिप्सम, झाडाला फारसं लागू न पडणारं. अंड्याची टरफलं या हंगामात काहीच देत नाहीत. एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम जास्त झालं तर कॅल्शियमच्या वाटेत आडवं येतं, त्यामुळे पानं शिरांमध्ये पिवळी पडल्याशिवाय ते घालू नका. बोरॉन डाळिंबवाले फवारतात, पण कुंडीत चिमूटभर जास्त झालं तरी पानांच्या कडा जळतात. घरच्या चार झाडांसाठी तो जुगार नको.

पुढच्या हंगामासाठी

महाराष्ट्रात बी गणपतीच्या आसपास टाका, चार आठवड्यांचं रोप नवरात्रात कुंडीत लावा, डिसेंबरमध्ये फळं सुरू होतात. जूनमध्ये लावलेलं झाड ऐन पावसात पिकतं आणि तेव्हा वरचा एकही उपाय पुरत नाही, शिवाय करपा येतो तो वेगळाच.

फळातलं बी धरून ठेवू नका. संकरित वाण असल्याने पुढच्या पिढीत कुणी लाल, कुणी नारिंगी, कुणी आंबट निघतं, आणि तडकण्याचा गुण मात्र बऱ्याच रोपांत तसाच उतरतो. महाग बियांची दुसरी खेप वाचवायची तर फुटवा लावा. बगलेतला १२ ते १५ सेंटिमीटरचा, फूल न आलेला फुटवा संध्याकाळी काढा, खालची पानं खुडा आणि ओल्या कोकोपीटच्या ग्लासात पाच सेंटिमीटर खोचून सावलीत ठेवा. आठ ते बारा दिवसांत मुळं येतात. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या झाडाचा फुटवा नोव्हेंबरच्या मध्यावर लावला तर पहिलं झाड थकत असताना, फेब्रुवारीत, दुसरं फळावर येतं. पानं वाटीसारखी वर वळलेली आणि शेंडे आखूड, पिवळट झालेले असतील तर त्या झाडाचा फुटवा घेऊ नका. तो पांढऱ्या माशीने आणलेला लीफ कर्ल विषाणू आहे आणि फुटव्याबरोबर तो नव्या कुंडीत जातो.